सासूबाईंच्या रिपोर्टवर 'रेडिओन्यूक्लाइड' लिहिलंय, नातवाला जवळ झोपू द्यायचं का?

यावेळचं पत्र कोपरगावजवळच्या एका गावातून आलंय. ताईंनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, थोडक्यात देते.

"मावशी, माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. वर्षभर वजन उतरतंय, हात थरथरतात, छातीत धडधड. थायरॉइड जास्त आहे असं निघालं. कार्बिमाझोलच्या गोळ्या चालू आहेत पण कमी केल्या की परत वाढतं. आता डॉक्टरांनी रेडिओआयोडीन घ्या म्हटलंय. मागच्या आठवड्यात एक स्कॅन झाला, त्याच्या रिपोर्टवर 'रेडिओन्यूक्लाइड थायरॉइड स्कॅन' असं आहे, फाइलवर दुसरीकडे रेडिओआयसोटोप लिहिलंय, आणि बिलावर रेडिओफार्मास्युटिकल. हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत का? मी विचारलं तर तिथल्या माणसाने घाईघाईत 'हाफ लाइफ आठ दिवस आहे, काही होत नाही' एवढंच सांगितलं. म्हणजे सोळा दिवसांत सगळं जातं असं धरू का? माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, आजीच्या गोधडीतच झोपतो, स्कॅन झाला त्या रात्रीही तिच्याजवळच झोपला. शेजारच्या काकू म्हणतात हे अणुबॉम्बचं औषध आहे, लासलगावला कांद्यावर मारतात तेच, आता आईंचे केस जातील आणि त्यांची गोधडी जाळायला लागेल. सासूबाई ते ऐकून रडल्या, म्हणाल्या मला वाळीत टाकताय का. अजून एक, हे घरी कुणालाच बोलले नाहीये, माझी पाळी बारा दिवस पुढे गेलीय."

ताई, शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण मी सुरुवात तिथूनच करणार आहे. आज मेडिकलमधून किट आणा आणि उद्या सकाळी टेस्ट करा, बारा दिवस गेलेत म्हणजे किटवर कळायला हवं. पॉझिटिव्ह आली तर आईंचा उपचार थांबवायचा नाहीये, सून गरोदर आहे म्हणून सासूने औषध घ्यायचं नाही असा काही नियम नाही, फक्त कोण कुठे झोपणार, कपडे कोण धुणार, बाथरूम कोण साफ करणार हे सगळं बदलतं, आणि ते डोसच्या आधी ठरवायला लागतं. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड तीन महिन्यांच्या आसपास आयोडीन ओढायला लागते, म्हणून गरोदर बाईने या औषधापासून लांब राहायचं हे आम्ही हॉस्पिटलात प्रत्येक घराला बजावून सांगायचो. तुमच्या घरच्यांनी विचारलं नसेल तर तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगा. नवऱ्याला तर आजच सांगा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच येणार आहे.

आता शब्दांकडे येऊ. मी पंचवीसेक वर्षं मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे अशी किरणोत्सारी औषधं देऊन तपासणी आणि उपचार करतात त्या विभागात, टेक्नॉलॉजिस्ट होते आणि माझा अनुभव असा आहे की लोक रेडिएशनला जेवढे घाबरतात त्याच्या दुप्पट या शब्दांना घाबरतात, कारण कुणी ते फोडून सांगतच नाही.

आठवीत का नववीत समस्थानिकं शिकलेलं आठवतंय? अणूच्या मध्ये केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. आयोडीन म्हणजे ५३ प्रोटॉन, एक कमी नाही एक जास्त नाही, नाहीतर ते आयोडीनच नाही. पण न्यूट्रॉन कमीजास्त असू शकतात. तुमच्या घरातल्या मिठातलं आयोडीन ५३ प्रोटॉन अधिक ७४ न्यूट्रॉन, बेरीज १२७. आईंना देणार ते ५३ अधिक ७८, म्हणजे १३१. बस, नावापुढचा आकडा तो हाच. १२७ वालं शांत आहे, कायम तसंच राहतं. १३१ वाल्याच्या केंद्रकाचा तोल बसत नाही, ते कधी ना कधी आतून बदलतं, बदलताना किरण टाकतं आणि झेनॉन नावाचा वायू होऊन शांत होतं. जे केंद्रक असं अस्थिर असतं त्या अणूला म्हणतात रेडिओन्यूक्लाइड. एवढाच अर्थ आहे त्या शब्दाचा. त्यात बॉम्ब नाही आणि कॅन्सरही नाही.

मग आयसोटोप काय? बघा, आयसोटोप हा नात्याचा शब्द आहे, 'भाऊ' सारखा. भाऊ म्हटलं की कुणाचा भाऊ हे आलंच. आयोडीन-१३१ हे आयोडीन-१२७ चं आयसोटोप, दोघं एकाच घरातले. न्यूक्लाइड हा 'माणूस' सारखा शब्द, कुणाशी नातं सांगत नाही, एवढे प्रोटॉन एवढे न्यूट्रॉन असलेला हा एक प्रकार, एवढंच सांगतो. म्हणून आयोडीन-१३१, कोबाल्ट-६०, टेक्निशियम अशी वेगवेगळ्या घरातली मंडळी एकत्र सांगायची तर काटेकोर शब्द रेडिओन्यूक्लाइड, पण हॉस्पिटलात आम्ही सगळे सर्रास आयसोटोपच म्हणायचो, "आयसोटोप आला का", "आयसोटोप संपला", आणि त्याने कुणाचं काही अडायचं नाही. आयसोटोप हा शब्द १९१३ मधला आहे, फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञाला तो मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी सुचवला, ग्रीक भाषेत अर्थ 'तीच जागा', म्हणजे आवर्तसारणीतली तीच जागा. आपल्याकडे त्याचं समस्थानिक केलं ते मला फार आवडतं, शब्द फोडला की अर्थ हातात येतो. न्यूक्लाइड हा शब्द मागून, १९४७ मध्ये आला. मराठीत रेडिओआयसोटोप आणि रेडिओन्यूक्लाइड दोघांनाही किरणोत्सारी समस्थानिक म्हणून चालवून घेतात, त्यामुळे तुमचा गोंधळ झाला यात तुमची काहीच चूक नाही.

आणि बिलावरचं रेडिओफार्मास्युटिकल म्हणजे त्या रेडिओन्यूक्लाइडपासून पेशंटला द्यायला तयार केलेलं औषध. कधी तो अणू दुसऱ्या एखाद्या औषधाला जोडून देतात, कधी आयोडीनसारखा साधा क्षार म्हणूनच देतात. म्हणजे तुमच्या फाइलवरचे तीन शब्द तीन रोग नाहीत, एकाच गोष्टीकडे तीन बाजूंनी बघणं आहे.

पण ताई, एक गोष्ट पक्की धरा. रेडिओन्यूक्लाइड हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. 'औषध' म्हटल्यावर क्रोसिन की इन्सुलिन हे जसं कळत नाही तसंच. कुठला, किती, आणि शरीराच्या आत की बाहेर, हे तीन कळल्याशिवाय घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. तुमच्याच पत्रात तीन वेगळे रेडिओन्यूक्लाइड आलेत आणि काकूंनी तिघांची एक भाजी केलीय.

पहिला, स्कॅनचा. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत खाली बारीक अक्षरात टेक्निशियम-९९ एम लिहिलंय. हे निम्मं व्हायला ६ तास लागतात. सकाळी दहाला दिलं तर दुपारी चारला निम्मं, रात्री दहाला पाव, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोळावा हिस्सा, आणि लघवीतून जातं ते वेगळंच. स्कॅनची मात्राही छोटी असते आणि त्याचे किरण फोटो काढण्यापुरतेच कामाचे, पेशी मारायला दिलेलं नसतं ते. बाळ त्या रात्री आजीजवळ झोपलं त्याची काळजी मनातून काढून टाका. मी हे समजूत घालायची म्हणून म्हणत नाहीये, हे टेक्निशियम आम्ही रोज सकाळी लॅबमध्ये काढायचो, जनरेटर नावाचा शिशाने मढवलेला डबा असतो, त्यात मोलिब्डेनम-९९ असतं, त्यातून सलाइन ओढलं की टेक्निशियम खाली बाटलीत येतं, दुसऱ्या दिवशी परत साचलेलं असतं, म्हणून त्याला 'मिल्किंग' म्हणतात, गाईची धार काढावी तसं. आणि संध्याकाळपर्यंत सकाळची धार निम्म्याहून कमी झालेली असायची, पेशंट उशिरा आला तर आमची धावपळ व्हायची.

दुसरा, लासलगावचा. तिथल्या केंद्रात २००२ पासून कोबाल्ट-६० च्या किरणांनी कांद्याला कोंब येणं थांबवतात, आणि २००७ पासून आंबाही तिथून किरण देऊन अमेरिकेला गेलाय. पण कोबाल्ट स्टीलच्या नळीत सीलबंद असतो, कांद्यावर फवारत नाहीत. कांद्यावर पडतात ते फक्त किरण. उन्हात वाळवलेली मिरची रात्री उजेड देत नाही ना, तसंच. किरण पडलेला कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही, खुशाल खा. छातीचा एक्स-रे काढून आलेल्या माणसाजवळ बसायला कुणी घाबरत नाही, कारण तेच, किरण आले आणि गेले.

तिसरा, आईंना मिळणार तो आयोडीन-१३१, आणि इथे मात्र गोष्ट वेगळी आहे कारण हा अणूच पोटात जातो. काकूंना उडवून लावायचं नाहीये मला, त्यांच्या भीतीत एक कण खरा आहे. काही दिवस आईंच्या अंगातून खरंच किरण बाहेर येणार आहेत.

काम कसं करतं ते सांगते म्हणजे पथ्य का आहे ते आपोआप कळेल. थायरॉइडला आयोडीन लागतं, रक्तातून ती ते ओढून घेते. १२७ कुठलं आणि १३१ कुठलं हे तिला ओळखता येत नाही, प्रोटॉन सारखे म्हणून दोघांचं वागणं सारखं. त्यामुळे गिळलेलं औषध कुणी वाट न दाखवता बरोबर गळ्यातल्या त्या ग्रंथीत जाऊन बसतं, आणि ग्रंथी जास्त चळवळी असेल तर जास्त ओढते. तिथे ते दोन प्रकारचे किरण टाकतं. एक बीटा, जे जेमतेम दोनेक मिलिमीटर जातात आणि आजूबाजूच्या थायरॉइडच्या पेशी मारतात, हेच औषध. दुसरे गॅमा, जे शरीराबाहेर पडतात, आणि पथ्य आहे ते या गॅमासाठी, शिवाय लघवी, घाम, थुंकी यातून थोडं आयोडीन बाहेर येतं त्यासाठी. केस जात नाहीत, काकूंना सांगा. १९४१ मध्ये अमेरिकेत सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी थायरॉइड वाढलेल्या पेशंटला पहिल्यांदा किरणोत्सारी आयोडीन दिलं, म्हणजे ऐंशी वर्षांवर झाली. आपल्या परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. आणि हे आयोडीन बनतं कुठे, तर आपल्याकडे तुर्भ्याला, ट्रॉम्बे म्हणतात ना तिथे, ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉन सोडून.

आता आठ दिवसांचा हिशोब. हाफ लाइफ म्हणजे अर्धायुष्य आठ दिवस, म्हणजे आठ दिवसांत निम्मं. पुढच्या आठ दिवसांत उरलेल्याचं निम्मं, म्हणजे सोळाव्या दिवशी पाव शिल्लक. चोविसाव्या दिवशी अष्टमांश. सोळा दिवसांत शून्य होत नाही ताई, आणि त्या माणसाने अर्धं वाक्य सांगून तुम्हाला सोडलं ते मला अजिबात आवडलं नाही. लघवीवाटेही जातं म्हणून आईंच्या शरीरात प्रत्यक्षात याहून थोडं लवकर कमी होईल, पण हिशोब असाच निम्म्या-निम्म्याने करायचा.

म्हणून नातू. हेच आयोडीन-१३१, १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा गवतावर पडलं, गाईंनी खाल्लं, दुधात उतरलं आणि ते दूध प्यायलेल्या मुलांमध्ये पुढे थायरॉइडचा कॅन्सर वाढला. लहान मुलाची थायरॉइड फार नाजूक असते. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, तिथली मात्रा आणि तुमच्या घरातली परिस्थिती यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण आजीला जे औषध तेच बाळाला नको, एवढं यातून कळतं. बाळाला आजीच्या कुशीत, आजीच्या अंथरुणात, आजीच्या हाताने भरवलेला घास, आजीचं उष्टं, हे सगळं बंद. किती दिवस, ते डोसवर ठरतं. थायरॉइड वाढलेल्या पेशंटला साधारण १० ते १५ मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायचं माप) देतात, आणि दीड वर्षाचं मूल घरात असेल तर दोन-तीन आठवडे धरून चाला, पण नेमके दिवस तिथल्या डॉक्टरांकडून किंवा रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडून कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तेही त्यांना कागद लिहायच्या आधी कळू दे.

माझं मत विचाराल तर तुम्ही आणि बाळ त्या तीन आठवड्यांसाठी माहेरी जा, सोय असेल तर हे सगळ्यात सोपं. नसेल तर आईंना वेगळी खोली, मध्ये भिंत असली तरी पलंग त्या भिंतीला चिकटून नको. अंतर हे फार मोठं औषध आहे, एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात की निम्मं नाही, चौथा हिस्सा होतं. मोठ्या माणसांनी जवळून जेवण देणं, दोन शब्द बोलणं यात काही नाही, फक्त तासन्‌तास चिकटून बसायचं नाही. आईंचं ताट-पेला त्यांचा त्यांचा ठेवा. संडास वापरून दोनदा पाणी टाकायचं, भरपूर पाणी प्यायचं, हात साबणाने. त्यांचे कपडे वेगळे धुवायचे आणि हे तुम्ही करायचं नाही, तुमच्या नवऱ्याने करायचं.

डोसच्या आधीचं पण ऐका. कार्बिमाझोल काही दिवस आधी थांबवायला सांगतात, ती तारीख डॉक्टरांनी सांगायची, आपण मनाने नाही, कारण आईंची धडधड वाढू शकते. आयोडीनचं मीठ आणि मासे किती दिवस टाळायचे तेही विचारून घ्या. मधल्या काळात रंग टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर आवर्जून सांगा, त्या रंगातही आयोडीन असतं, ग्रंथीचं पोट आधीच भरलं तर औषध आत जात नाही. डोळे पुढे आल्यासारखे वाटतात का तेही दाखवा, त्याने निर्णय बदलू शकतो. आणि तारीख चुकवू नका. हे औषध ठरलेल्या दिवसासाठी मागवलेलं असतं, शिशाच्या डब्यात पडून राहिलं तरी आठ दिवसांत निम्मं होतंच, पेशंट आला नाही म्हणून थांबत नाही ते. नंतर काही महिन्यांत थायरॉइड उलट कमी होईल, बहुतेकांची होते, मग रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, कायमची. हे बिघडलं असं समजू नका, ठरवूनच केलेलं असतं.

आता आई रडल्या त्याबद्दल. ताई, त्या पिढीतल्या बायकांनी महिन्याचे चार दिवस बाजूला बसून काढलेत, भांडं वेगळं, अंथरूण वेगळं, शिवायचं नाही. आता साठी ओलांडल्यावर परत कुणी म्हणतंय वेगळं ताट, वेगळी खोली, बाळाला हात लावू नका. त्यांना काय आठवत असेल? म्हणून त्यांना 'लांब राहा' एवढंच सांगू नका, कारण सांगा, आणि मुख्य म्हणजे तारीख सांगा. तेव्हाच्या विटाळाला कारण नव्हतं, याला आहे, आणि ते मोजता येतं. माझ्याकडे रत्नागिरीकडच्या एक आजी आल्या होत्या, डोस पातळ होता, शिशाच्या जाड भांड्यात छोटी काचेची बाटली आणि तिच्यात स्ट्रॉ. मी काचेपलीकडून सांगत होते, आजी ओढा. त्यांनी ओढलं आणि म्हणाल्या, "एवढंच? हे तर पाणी आहे." मग सर्व्हे मीटर, म्हणजे किरण मोजायचं यंत्र, त्यांच्या गळ्यासमोर धरला, तो कडकडायला लागला तशा दचकल्या. मी त्यांना मीटर घेऊन एकेक पाऊल मागे जाऊन दाखवलं, आवाज कसा कमी कमी होतो ते. त्यांना लगेच समजलं. घरी जाऊन त्यांनी कॅलेंडरवर एकवीस खुणा केल्या, रोज एक खोडायच्या, आणि नातीला अंगणाच्या त्या टोकाला उभं करून गोष्ट सांगायच्या, मोठ्याने ओरडून. तुमच्या आईंनाही मीटर दाखवायला सांगा तिथल्या माणसांना, विनंती केली तर दाखवतात.

आणि गोधडी. अजिबात जाळायची नाही, जाळलं की जे काही कणभर असेल ते धुरातून हवेत जाणार. खरं तर डोसच्या आधीच ती गोधडी बाळाची म्हणून बाजूला काढून ठेवा आणि आईंना त्या तीन आठवड्यांसाठी धुवायला सोपी अशी जुनी चादर द्या. चादर नंतर वेगळी धुवा. तरी मनात किंतु राहिलाच तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाका आणि पिशवीवर तारीख लिहा. ८० दिवस म्हणजे दहा अर्धायुष्यं, त्यात हजारातला एक भाग उरतो. डोस १ तारखेला झाला आणि चादर २२ ला बांधलीत तर मोजायला २२ पासून सुरू करा. टेस्टचं काय झालं ते मात्र मला उद्याच कळवा.